लंगर कमांडर

मी बावीस वर्षं फौजेत होतो आणि त्या बावीस वर्षांत एकाही माणसावर गोळी झाडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणाचा हिरमोड व्हायचा. वर्षातून एकदा आम्हालाही रेंजवर नेऊन फायरिंग करून घ्यायचे, आणि माझा नेम बरा होता. पण एरवी माझ्या हातात रायफल नसायची, झारा असायचा. मी फौजेत स्वयंपाकी होतो. फौजेतल्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, आणि ते ज्याच्या ताब्यात असतं त्याला लंगर कमांडर. हवालदार होऊन बाहेर पडलो तेव्हा माझ्या हाताखाली सहा स्वयंपाकी होते आणि एका वेळेला चारशे ताटं उठत होती.

आज मी हे न अडखळता लिहितो आहे. पण निवृत्त होऊन कामोठ्याला घरी आलो, त्या वर्षी मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "आर्मीत म्हणजे नक्की कशात?" मी म्हणालो, "सप्लायमध्ये." त्यांनी ते ऐकून सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'मेजर साहेब' म्हणायला लागले. मी दोनदा सांगून पाहिलं, "अहो, मी हवालदार होतो." तर म्हणाले, "हा तुमचा मोठेपणा."

लाज वाटायची का? वाटायची. आमचं गाव महाडच्या वरच्या अंगाला. तिथे घरटी एक माणूस फौजेत, आणि प्रत्येक माणसाकडे सांगायला एक लढाई. माझ्या चुलत्यांच्या दंडावर गोळीचा व्रण होता. पंगतीत ते सदऱ्याची बाही वर सारूनच बसायचे. माझ्याही हातावर व्रण आहेत, पण ते उकळत्या तेलाचे. ते दाखवत कोण बसणार?

लग्न जमवताना मामाने "मुलगा मिलिट्रीत आहे" एवढंच सांगितलं होतं. बायकोला खरं कळलं ते चौथ्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी सकाळी उठून चाळीस माणसांचा चहा एका पातेल्यात केला. कप मोजले नाहीत, साखर मोजली नाही. चाळीस कप भरले आणि पातेलं रिकामं झालं. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "खरं सांगा, तुम्ही तिकडे काय करता?" मी सांगितलं. ती इतकी हसली, की आई आतून काय झालं म्हणून बघायला आली. "म्हणजे माझी स्वयंपाकातून सुटका!" असं ती म्हणालेलं मला आजही ऐकू येतं. सुटका कसली? दहाव्या दिवशी माझी सुट्टी संपली. पुढे तिला पनवेलच्या शाळेत नोकरी लागली, कामोठ्यात घर झालं, मुलगी झाली, मोठी झाली, आणि या सगळ्यात रोजची पोळीभाजी बायकोनेच केली. मी वर्षातून दोनदा येणारा पाहुणा.

त्यामुळे मी कायमचा घरी आलो तेव्हा अडचण अशी झाली, की एका स्वयंपाकघरात दोन कमांडर.

पहाटे चारला माझे डोळे आपोआप उघडायचे. लंगरात चारला शेगड्या पेटतात. मी उठून कणीक भिजवायचो. डाळ शिजत टाकायचो. आणि बायको सहाला उठून बघायची, तर ओट्यावर वीस माणसांची डाळ.

"आपण तीन माणसं आहोत," ती म्हणायची. "तीन."

"कमीच घातली होती."

"कमी म्हणजे?"

मी मूठ दाखवायचो. माझ्या हाताला मुठी कळतात, चिमटी कळत नाही. तीन माणसांच्या आमटीला मीठ किती, हे मला बेचाळिसाव्या वर्षी बायकोने शिकवलं, आणि पहिलीच्या मुलांना शिकवतात तसं शिकवलं. फ्रिज डाळीने भरून गेला. वरच्या मजल्यावर डाळ गेली, खालच्या मजल्यावर डाळ गेली. शेवटी एका सकाळी तिने झारा माझ्या हातातून काढून घेतला. "हे माझं घर आहे, तुमची पलटण नाही. रविवारचं मटण तुमचं. बाकी सहा दिवस तुम्ही टेबलावर बसायचं."

मी टेबलावर बसलो. पोळ्या गरम यायच्या, भाजी चांगली असायची. तरी घास जड व्हायचा. लंगरात दिवसाची सुरुवात एका प्रश्नाने होते: "आज किती?" रजेवर किती गेले, गस्तीला किती, दवाखान्यात किती, ते वजा करून आज जेवणारे किती. बावीस वर्षं मी हा प्रश्न रोज विचारला होता. आता विचारण्यासारखं काही नव्हतं. मी नसताना माझी बायको आणि मुलगी व्यवस्थित जेवत होत्या, यात खरं तर आनंद मानायला हवा होता. मला मात्र कुणीतरी हजेरीतून नाव काढल्यासारखं वाटायचं.

अशात मला सुभेदार साहेब भेटले. पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात मी सुरमई घेत होतो. माझ्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे, काठीसारखे ताठ गृहस्थ उभे होते. मासा न बघता फौजी पद्धतीने जुळलेल्या माझ्या पायांकडे बघत होते.

"किती साल?" त्यांनी विचारलं.

"बावीस," मी म्हणालो. काय विचारलं हे समजायला मला क्षणही लागला नाही. "आपण?"

"अठ्ठावीस. सुभेदार होऊन आलो." मग मासेवालीला म्हणाले, "या जवानाला शिळं देऊ नकोस हां, मी बघतोय."

साहेब मूळचे पनवेलचेच, कोकणी मुसलमान. घरातले भाऊ-पुतणे सगळे आखातात, हे एकटेच फौजेत गेले. आता तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागाचे प्रमुख होते. त्यांनी मला ट्रेड, म्हणजे फौजेत काम कोणतं, ते विचारलं नाही. रँक विचारली, पलटण विचारली, आणि म्हणाले, "मेन गेटला माणूस पाहिजे. घरात बसून गंजशील. सोमवारपासून ये."

मी गेलो. निळा शर्ट, काळी टोपी, खांद्याला दोरी, दोरीला शिट्टी. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिने माझा फोटो काढून स्टेटसला ठेवला. "पप्पा, किती स्मार्ट दिसताय!" सेक्रेटरींनी तर मला लिफ्टमध्ये सलाम ठोकला. आणि सांगतो, मलाही बरं वाटलं. अंगावर गणवेश आला की पाठ आपसूक सरळ होते. टँकर आत, टँकर बाहेर, नंबर, वेळ, सही. काम कठीण नव्हतं.

फक्त एक त्रास होता. तळोज्याला आल्यावर माणसाचं नाक महिन्याभरात मरतं असं म्हणतात. कुठून सडक्या अंड्यासारखा वास येतो, कुठून औषधासारखा, कुठून कशाचा ते सांगताच येत नाही. पण माझं नाक मेलं नाही. या सगळ्या वासांतून मला कारखान्याच्या कँटीनचा वास वेगळा यायचा. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच हळद पडली, हे मी गेटवर उभा राहून सांगू शकलो असतो. कांदा कच्चा राहिला, तेही. मी तोंड फिरवून टँकरचे नंबर लिहायचो. आपलं काम गेटचं. सात महिने मी असंच तोंड फिरवलं.

मग एप्रिलमध्ये कँटीनचा स्वयंपाकी जत्रेसाठी गावाला गेला तो गेलाच. ठेकेदाराने दुसरा माणूस आणला. पहिल्या दिवशी भात कच्चा, दुसऱ्या दिवशी भाजीत खडे, तिसऱ्या दिवशी अर्ध्या कामगारांनी ताटं तशीच ठेवली. चौथ्या दिवशी साडेअकराला माझ्या नाकात करपलेल्या डाळीचा वास आला. थोडी करपली नव्हती. तळ पूर्ण काळा होऊन तो कडूपणा वरपर्यंत आला होता. आता ही डाळ फेकण्याशिवाय इलाज नाही, हे मला कळलं. आत ज्याच्या हातात डाव होता त्याला कळलं नाही.

साडेबाराला पहिल्या पाळीचे सत्तर-ऐंशी कामगार कँटीनमधून उठून सरळ गेटवर आले. बाहेर रस्त्याच्या पलीकडे वडापावची गाडी होती. सगळ्यात पुढे एक धिप्पाड ऑपरेटर होता, रोज सकाळी मला नमस्कार करणारा.

"काका, बाजूला व्हा," तो म्हणाला. "आमचं भांडण तुमच्याशी नाही. भूक लागलीय."

पाळी चालू असताना पासशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही, असा नियम. आणि तो नियम पाळण्यासाठीच तर मला तिथे उभं केलेलं. मागून आवाज वाढत होते. कुणीतरी गेटला हात घालून हलवलं. तेवढ्यात केबिनमधून सुभेदार साहेब आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. "कोणी बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पुढची रांग थांबली.

मी समोरच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. बावीस वर्षं मी भुकेली माणसं बघितली आहेत. त्यांच्यापुढे मी कधीही काठी घेऊन उभा राहिलो नव्हतो. माझ्या हातात नेहमी वाढायचं भांडं असायचं.

"साहेब," मी म्हणालो, "पंचेचाळीस मिनिटं द्या. मी आत जाऊन बघतो."

"तू काय बघणार?"

"लंगर."

त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "आणि गेट?"

"गेट तुम्ही बघा."

बावीस वर्षांत कुठल्या सुभेदाराशी मी असं बोललो नव्हतो. मी शिट्टीची दोरी खांद्यावरून काढली आणि त्यांच्या हातात दिली. कामगारांना म्हणालो, "पाऊण तास थांबा. गरम जेवण मिळालं नाही तर हे गेट मी स्वतः उघडतो. मग माझी नोकरी गेली तरी चालेल." तो धिप्पाड ऑपरेटर घड्याळाकडे बघून म्हणाला, "सव्वा वाजता."

कँटीनमध्ये शिरलो तर डाळीच्या टोपासमोर एक माणूस घामाघूम होऊन ढवळत होता. मला पाहून त्याने डाव खाली ठेवला आणि हात जोडले. "साहेब, मी टेम्पो चालवतो हो! ठेकेदार म्हणाले, दोन दिवस सांभाळून घे. मला घरी चहासुद्धा करता येत नाही."

"मग टेम्पोच चालवा," मी म्हणालो. "नाक्यावर जा, असतील तितके पापड आणि दही घेऊन या." तो इतक्या आनंदाने पळाला, की एप्रन तसाच अंगावर राहिला.

आत दोन बायका होत्या, जवळच्याच गावातल्या, सख्ख्या जावा. भाज्या चिरायच्या, भांडी घासायच्या. थोरली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, चार दिस बगतो आमी. पन शेगडीला हात लावायचा नाय, असं सांगितलंय आमाला. मंग काय करनार?"

"मावशी, आता लावा," मी म्हणालो. "आज किती?"

"काय किती?"

"जेवणारे."

"नव्वद धरा."

नव्वद! माझ्या हाताला फौज सोडल्यावर पहिल्यांदा सापडलेला आकडा. आधी दोन्ही मोठ्या शेगड्यांवर पाणी चढवलं, कारण गडबडीच्या स्वयंपाकात माणूस डाळतांदूळ शोधत बसतो आणि पाणी विसरतो. करपलेला टोप बाहेर नेऊन ठेवला. तूर शिजायला वेळ नव्हता, म्हणून मसूर काढली. तांदूळ आणि मसूर एकत्र धुवायला धाकट्या जावेला दिली. मावशीने कांदे-बटाटे घेतले. तिचा विळीवरचा हात बघितला आणि बटाट्यांची काळजी सोडली. तेल तापलं, मोहरी तडतडली, मग जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरच्या, कांदा, आणि कांदा बदामी झाल्यावर हळद. तेवढी शिस्त पाळली तर बाकी खिचडी स्वतःच होते. सगळं टोपात गेलं, उकळतं पाणी गेलं, मीठ मुठीने गेलं. झाकण टाकलं आणि त्यावर वजन म्हणून पाण्याची कळशी ठेवली.

आता वाट बघायची. वाफ धरत असते तेव्हा स्वयंपाक्याला करण्यासारखं काही नसतं. म्हणून त्या वेळेला मला नेहमी जुन्या गोष्टी आठवतात. त्या दिवशी आठवली ती बर्फातली एक चौकी.

इतक्या उंचीवर माणसाची भूकच मरते. अन्न समोर असतं आणि जवान ते बाजूला सारतो. तिथे लंगरवाल्याचं काम रांधण्याचं कमी आणि खायला लावण्याचं जास्त. एकदा गस्तीवर गेलेली तुकडी परत आली, पण त्यातल्या एका पोराच्या पायाची बोटं बर्फाने काळीनिळी पडली होती. वारा इतका, की हेलिकॉप्टर येईना. तो आत पडून होता आणि बाकीचे नऊजण माझ्या पुऱ्यांसमोर गप्प बसून होते. कुणी हात लावेना. चौकीच्या साहेबांनी सांगितलं, मी सांगितलं, उपयोग नाही. लंगरवाला सगळ्यात शेवटी जेवतो, हा आमच्यातला नियम. त्या दिवशी मी तो मोडला. खाली बसलो, ताट ओढलं आणि सगळ्यांसमोर एकटाच जेवायला लागलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी खात राहिलो. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात थोरला नाईक शिव्या देत म्हणाला, "हा सगळ्या पुऱ्या संपवणार," आणि त्याने एक उचलली. मग दुसऱ्याने. दुसऱ्या दिवशी वारा पडला, हेलिकॉप्टर आलं. त्या पोराची पायाची तीन बोटं गेली, बाकी वाचला. आता पुण्याजवळ त्याचं दुधाचं दुकान आहे. दर दिवाळीला फोन करतो आणि पहिलं वाक्य असतं, "आज काय केलंय?"

"दादा, वास सुटला," मावशी म्हणाली आणि मी भानावर आलो.

एक वाजून दहा मिनिटांनी मी झाकण काढलं. सव्वाला रांग लागली. पहिलं ताट त्या धिप्पाड ऑपरेटरला दिलं. तो बसला नाही, तिथेच उभ्याउभ्या एक घास घेतला आणि थांबला. मग मागे वळून ओरडला, "अरे या रे!" बस, एवढंच. पण मला जे काही मिळायचं होतं ते त्यात मिळालं. टेम्पोवाला पापड भाजून भाजून लाल झाला होता. आता त्याला मजा वाटायला लागली होती. दोन वेळा घेणारे बरेच, तीन वेळा घेणारेही निघाले. मावशी डाव हातात घेऊन ऐटीत वाढत होती आणि "पोटभर खा, आज करपलेला नाय," असं प्रत्येकाला सांगत होती.

सगळ्यांचं झाल्यावर एक ताट घेऊन मी गेटवर गेलो. सुभेदार साहेब उन्हात, छातीवर शिट्टी लावून, पहाऱ्यावरच्या जवानासारखे उभे. मी म्हणालो, "साहेब, मी आलो, आता तुम्ही जेवा." तेव्हा कुठे ते सावलीत बसले. दोन घास खाल्ले.

"किती वर्षं लंगरात?"

"सगळी."

"मला बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"सप्लाय म्हणालो असतो."

त्यांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते गंभीर झाले. "माझ्या चौकीवर दोन महिने रस्ता बंद होता," ते म्हणाले. "रमजान आला. आमच्या लंगरवाल्याला, तो साताऱ्याकडचा, कुणी काही सांगितलं नव्हतं. पण पहाटे तीनला तो स्टोव्ह घेऊन माझ्या बंकरशी यायचा. एकट्या माझ्यासाठी. एक दिवस चुकला नाही. अरे, माझ्या त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरचं नाव मी विसरलोय. त्याचं नाही विसरलो." ताट पुसून खाल्लं आणि उठता उठता म्हणाले, "असल्या माणसाला मी गेटवर उभा करून ठेवला. तौबा!"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या एचआर मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. ड्यूटी सोडली म्हणून मला नोटीस मिळणार अशी माझी खात्री होती. साहेबांनी मला बोलूच दिलं नाही. "गेट एक मिनिटही मोकळं नव्हतं, मी होतो," ते म्हणाले. मॅडमनी माझी फाईल उघडली. "इथे फक्त माजी सैनिक लिहिलंय. लष्करात तुम्ही करत काय होतात?"

"स्वयंपाकी होतो," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी, खुर्चीवर बसलेल्या परक्या माणसासमोर, सरळ.

मॅडमना धक्का वगैरे काही बसला नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मग कँटीन सांभाळाल का?"

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. खरं तर अडलं होतं गणवेशावर. निळा शर्ट, टोपी, मुलीचं ते स्टेटस. परत एप्रन घालायचा?

तो निकाल रविवारी लागला. साहेब स्वतः आमच्या घरी आले, येताना पनवेलहून बेकरीची नानखटाई घेऊन. बसल्या बसल्या मुलीला म्हणाले, "बेटा, तुझा बाप लंगर कमांडर होता, माहीत आहे का?"

मुलीला आम्ही हे कधी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले. "कमांडर? पप्पा! आणि लंगर म्हणजे... जहाजाचा ना? तुम्ही नेव्हीत होतात?"

साहेब आणि मी इतके हसलो, की बायको पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. मग मी मुलीला सगळं सांगितलं. चारशे ताटं, बर्फातल्या पुऱ्या, दगड झालेला कांदा हातोडीने फोडायचा, अंडी गोठून गोट्या व्हायच्या, सगळं. ती तिच्या लहानपणच्या चेहऱ्याने ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भिंतीवरचा तो रायफलवाला फोटो बघून मला वाटायचं, तुम्ही तिकडे लोकांना मारता. मी शाळेत कुणाला विचारायचेच नाही. भीती वाटायची."

हे मला माहीत नव्हतं. तो फोटो वर्षातून एकदाच्या रेंजवरच्या फायरिंगचा होता.

बायको म्हणाली, "माझं विचाराल तर घ्या कँटीन. परवा खिचडी करून आलात, त्या दिवशी रात्री जेवून घोरत पडला होतात. आल्यापासून पहिल्यांदा." आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता, "माझा ओटा पण मोकळा राहील."

आता त्याला तीन वर्षं होतील. मावशी माझ्या हाताखालची पहिल्या नंबरची स्वयंपाकीण आहे आणि शेगडीला हात लावायची परवानगी आता मला तिच्याकडून घ्यावी लागते. टेम्पोवाला टेम्पोच चालवतो, पण पापड भाजायला हक्काने येतो. रोज साडेअकराला सुभेदार साहेब येतात. फौजेत जेवण वाढायच्या आधी ड्यूटीवरच्या साहेबाने चाखायचं असतं, ती रीत त्यांनी इथे सुरू केली. चमचा तोंडात घालतात, डोळे मिटतात, आणि रोज काहीतरी खोट काढतात. खोट काढली नाही तर साहेब कसले?

गेल्या जानेवारीत त्यांनी एक बेत काढला. तळोज्याच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर, कामोठ्या-कळंबोलीच्या बँकांत, सोसायट्यांत आमच्यासारखे निवृत्त फौजी आहेत. एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, बोलत नाहीत. त्या सगळ्यांचा बडा खाना करायचा. फौजेत सणावाराला साहेब आणि जवान एकत्र बसून जेवतात, त्याला बडा खाना म्हणतात. पनवेलला एक छोटा हॉल घेतला. साठजण बायकामुलांसह आले. मटण, वडे, आणि न खाणाऱ्यांसाठी मसालेभात, सगळं मी आणि मावशीने केलं. बायको आणि मुलगी वाढायला होत्या.

जेवण सुरू झाल्यावर साहेब उभे राहिले. "आज सगळ्यांनी आपला ट्रेड सांगायचा," ते म्हणाले. "बॉर्डरवर होतो, बॉर्डरवर होतो, असं नाही चालणार. बॉर्डरवर करत काय होतास ते सांगायचं. हवालदार, तू सुरू कर."

मी सांगितलं. टाळ्या वाजल्या. मग एक जाड मिशांचा माणूस उठला. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो, त्याच्याकडे बघून लोक आवाज कमी करतात. तो घसा खाकरून म्हणाला, "मी न्हावी होतो. अख्ख्या बटालियनचं डोकं माझ्या हातात होतं." हॉल हसून लोळायला लागला. मग एकजण धोबी निघाला, एक कारकून, एक वायरमन, दोघं खरोखर लढलेले, आणि ते दोघे सगळ्यात कमी बोलले. शेवटी कोपऱ्यातले एक वयस्क गृहस्थ उठले. ते खेचरांवर होते. चौकीवरचं रॉकेल, तांदूळ, पत्रं, सगळं त्यांच्या खेचरांच्या पाठीवरून वर गेलेलं. अंधारात, बर्फात, खेचराला हाक कशी मारायची ते त्यांनी तिथे उभं राहून करून दाखवलं. असा आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. पोरांनी पुन्हा, पुन्हा म्हणून गिल्ला केला. त्यांच्या सुनेने पदर तोंडाला लावला होता, हसत होती की रडत होती कळेना. "बाबा, हे तुम्ही घरी कधी केलं नाहीत!" ती म्हणाली.

"घरी खेचर कुठे होतं?" ते म्हणाले आणि पुन्हा एकदा हाक मारली.

चार वाजले तरी कुणी उठेना. मटण संपलं होतं, वडे संपले होते, भात खरवडून झाला होता. आणि न्हावी आता सुभेदार साहेबांच्या दाढीवर मत देत होता. मुलगी आत येऊन म्हणाली, "पप्पा, लोक अजून बसलेत, काय करू?"

मी मावशीकडे बघितलं. ती तांदूळ धुवायला आधीच उठली होती.